रक्ताभिसरणाच्या संशोधनातील नागपूरचे प्रकरण

हृदयविकारांच्या संशोधनाचा इतिहास सांगू इच्छिणारे लेखक बहुधा एका ठरावीक मार्गाने जातात. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला तेथून निघून, स्टेथॉस्कोप आणि इलेक्ट्रोकार्डिओग्राफ या दोन मुक्कामांवर किंचित विसावून, ते १९६७ साली केप टाउन येथे क्रिस्टियान बर्नार्ड यांनी केलेल्या हृदयरोपणापाशी येतात. आणि लेखक मराठी असला तर १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेल्या तशाच धाडसाचा साभिमान उल्लेख करून आपला प्रवास संपवतो. या मार्गावर नागपूर लागत नाही, आणि ते लागावे असा आग्रहही येथे नाही. परंतु अभिसरणाचे विकार सर्वस्वी हृदयातच उगम पावतात हा समज जितका रूढ आहे तितकाच तो अपुरा आहे. हृदय धडधाकट, रोहिणी आणि नीला यांच्या भिंती निर्दोष, आणि तरीही ज्या रक्ताने वाहायचे तेच रक्त वाहण्यास असमर्थ ठरते, असाही एक विकार आहे. आणि त्या विकाराच्या भारतातील संशोधनाचा इतिहास लिहावयाचा झाला तर नागपूरला वगळून तो लिहिताच येणार नाही. विदर्भात ज्याला सारे जण नुसते ‘सिकल’ किंवा ‘सिकलसेल’ म्हणतात तोच हा विकार.

योगायोग असा की, या विकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन ज्यांच्या नावावर आहे ते शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक हेच हृदयरोगाच्या इतिहासातीलही एक मातब्बर पुरुष होत. १९०४ च्या डिसेंबरात ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोस आलेला वीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी खोकला, अशक्तपणा आणि पायांवरील जुन्या व्रणांच्या खुणा घेऊन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या नवशिक्या डॉक्टराने त्याचे रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गोल चकतीसारख्या असावयाच्या तांबड्या पेशींमध्ये कित्येक लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी त्याला दिसल्या. हेरिक यांनी हा वृत्तान्त १९१० साली प्रसिद्ध केला. त्यात त्या तरुणाचे हृदय किंचित वाढलेले असल्याची आणि त्यातून विकृत ध्वनी येत असल्याची नोंदही त्यांनी केली होती. पुढे दोनच वर्षांनी, १९१२ साली, त्यांनी दुसरा निबंध लिहिला. हृदयाच्या पोषक रोहिणीत गुठळी अडकली म्हणजे मनुष्य तत्क्षणी मरतोच असे नाही, तो त्या आघातातून वाचू शकतो आणि जिवंतपणी त्याचे निदानही करता येते, हे प्रतिपादन त्यात होते. आज ज्याला आपण हार्ट अ‍ॅटॅक म्हणतो त्याची आधुनिक समज या निबंधापासून सुरू होते. या दुसऱ्या निबंधाकडे आरंभी कोणी ढुंकूनही पाहिले नाही याची खंत हेरिक यांनी पुढे बोलून दाखवली. पहिल्या निबंधाला मिळालेला प्रतिसाद निराळा, आणि माझ्या मते अधिक घातक होता. लोकांनी तो वाचला, स्वीकारला आणि त्यातील रुग्णाच्या वर्णावरून हा रोग कोणाचा हेही परस्पर ठरवून टाकले.

या पेशींचा दोष नेमका कोठे असतो हे कळावयास आणखी चाळीस-पन्नास वर्षे जावी लागली. हान आणि गिलेस्पी यांनी १९२७ साली दाखवून दिले की, प्राणवायूचे प्रमाण घटले म्हणजे या पेशी वाकतात. लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली सिद्ध केले की, दोष पेशीच्या आवरणात नसून आतील हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या व्याधीचे मूळ एका रेणूच्या विकृतीत असल्याचे वैद्यकशास्त्राने प्रथमच पाहिले ते या रोगात. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिज येथे त्याही पलीकडे जाऊन उलगडा केला, तो असा की, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओवलेली असतात, त्यांपैकी एका ठिकाणी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, आणि एवढ्याशा बदलाने सारा अनर्थ घडतो. प्राणवायू सोडून दिल्यावर हे सदोष रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठर दोरे वळले जातात, पेशी वाकते, लवचीकपणा गमावते, आणि पाटाच्या तोंडाशी काटक्या अडकून पाणी तुंबावे तशी ती केशवाहिन्यांत अडकून मागच्या रक्ताची वाट रोखते. ज्या अवयवाकडे जाणारी वाट तुंबली त्या अवयवात असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांतच फुटते. त्यामुळे पंडुरोग आणि कावीळ पाठ सोडत नाहीत. पानथरी प्रथम सुजते आणि पुढे वारंवार रक्त तुंबून बहुधा निकामी होते. फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो, हृदयावर भार पडून ते मोठे होते, आणि क्वचित बालवयातच पक्षाघाताचा झटका येतो. हे सारे ज्या मुलाला आईकडून आणि बापाकडून असे दोन्ही सदोष जनुक मिळाले त्याचे दुर्दैव. एकच मिळाला तर तो मनुष्य नुसता वाहक असतो आणि बहुधा निरोगी आयुष्य जगतो. नागपूरच्या दवाखान्यांत पहिल्याला ‘एसएस पॅटर्न’ आणि दुसऱ्याला ‘एएस पॅटर्न’ म्हणण्याची रीत पडली आहे, आणि इंग्रजी न जाणणाऱ्या खेडवळ बायाही ही अक्षरे सराईतपणे उच्चारतात.

आता नागपूरकडे वळू. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, आणि राजधानीच्या शहरास शोभेल असे एक सरकारी रुग्णालय येथे उभे राहिले. लॉर्ड मेयोचे नाव मिळालेले ते रुग्णालय नागपूरकरांच्या तोंडी आजही ‘मेयो’ म्हणूनच आहे. कागदोपत्री त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळून कित्येक वर्षे लोटली, तरी लोकव्यवहारात ते नाव रुजले नाही. रुग्णालय होते, पण वैद्यक शिकवण्याची सोय नव्हती. ती १९१४ साली झाली आणि तत्कालीन चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्ट्सन यांचे नाव त्या शाळेस देण्यात आले. रॉबर्ट्सन मेडिकल स्कूल ही शाळाच होती, कॉलेज नव्हे. तेथून बाहेर पडणाऱ्यास एल. एम. पी. ही पदविका मिळे, तिच्या बळावर तो तालुक्याच्या गावी दवाखाना चालवू शके अथवा सरकारी खात्यात दुय्यम जागेवर रुजू होऊ शके, परंतु पदवी हवी असलेल्या विद्यार्थ्यास प्रांताबाहेर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. डॉ. बा. शि. मुंजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, डॉ. केशव हेडगेवार कलकत्त्यास गेले, आणि डॉ. ना. भा. खरे यांनी लाहोरास शिक्षण घेतले. या तिन्ही नागपूरकर डॉक्टरांची कीर्ती वैद्यकापेक्षा राजकारणातच अधिक झाली हा भाग वेगळा. पण एका प्रांताच्या राजधानीतील बुद्धिमान तरुणांना रोगचिकित्सा शिकण्यासाठी तीन दिशांना पांगावे लागत होते, आणि जेथे शिकवणारे नाहीत तेथे संशोधन करणारे तरी कोठून असणार!

संशोधन नव्हते, म्हणून रोगी नव्हते असे मात्र नाही. विदर्भातील ज्या समाजांत हा जनुक आज इतक्या मोठ्या प्रमाणात आढळतो त्यांत तो काल-परवा अवतरलेला नाही. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीही अशी मुले मेयोच्या ओसरीवर कण्हत बसलेली असणार. त्यांची नोंद कोणत्या सदराखाली झाली असेल याचा तर्क करणे फारसे अवघड नाही. सांधे सुजलेले, अंगात ताप, हृदयातून विकृत ध्वनी आणि हृदयाचा वाढलेला आकार, ही लक्षणे एकत्र दिसली म्हणजे त्या काळचा कोणताही प्रामाणिक डॉक्टर संधिवाताच्या तापाचे आणि त्यातून उद्भवणाऱ्या हृदयविकाराचे निदान करील. सिकलच्या रोग्याबाबत ही गफलत होते, असा इशारा वैद्यकाच्या पाठ्यग्रंथांनीच पुढे दिलेला आहे. पानथरी वाढलेली दिसली तर मलेरिया, डोळे पिवळे दिसले तर कावीळ, चेहरा पांढुरका दिसला तर जंत किंवा निकस आहार. यांतील एकही निदान त्या मुलखात असंभाव्य नव्हते, आणि नेमकी हीच अडचण होती. सातपुड्याच्या आणि वैनगंगेच्या परिसरात मलेरिया इतका मुबलक होता की, त्याच्या आड दुसरा कोणताही रोग खुशाल दडून राहावा.

डॉक्टरांस दोष देण्यापूर्वी त्यांच्या हाती कोणते ग्रंथ होते तेही पाहिले पाहिजे. हेरिक यांच्या निबंधानंतर अमेरिकेत जे रुग्ण आढळले ते बहुतांशी आफ्रिकी वंशाचे होते, आणि त्यावरून हा रोग निग्रो वंशाचा खास रोग होय असे समीकरण ग्रंथांतून दृढ झाले. ते इतके दृढ झाले की, एखाद्या गौरवर्णीयाच्या रक्तात अशा पेशी आढळल्या तर सिद्धांताविषयी शंका घेण्याऐवजी त्या मनुष्याच्या कुळाविषयी शंका घेतली जाई. विज्ञानाच्या इतिहासात पूर्वग्रहाने पुराव्याला असा उलटा जाब विचारल्याची उदाहरणे थोडी नाहीत, तरी हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण त्याचा परिणाम शिकागो-बॉल्टिमोरपुरता राहिला नाही. वसाहतीच्या शाळेत तेच ग्रंथ शिकवले जात होते, आणि जो रोग आपल्या मुलखाचा नाही असे ग्रंथ सांगतो तो शोधण्यासाठी खाटेवरच्या मुलाचे रक्त काचेवर घेण्याचे कोणाच्या मनात येणार?

ही कोंडी १९५२ साली दोन ठिकाणी फुटली. हर्मन लेमन आणि मेरी कटबुश यांनी नीलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींच्या रक्तात पेशी अशा वाकण्याचा गुण असल्याचे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जाहीर केले, आणि त्याच वर्षी डनलॉप आणि मजुमदार यांनी आसामच्या वरच्या भागातील चहामळ्यांच्या मजुरांत तो पाहिल्याची हकीकत कळवली. हे मजूर मूळचे आसामचे नव्हते, बिहार आणि ओरिसा येथील आदिवासी मुलखांतून ते मळ्यांवर नेलेले होते. म्हणजे या दोन शोधांना जोडणारी रेघ नकाशावर ओढू गेल्यास ती मध्य हिंदुस्थानच्या अरण्यप्रदेशाजवळूनच जाणार होती. तेथे कोणीतरी पाहणे एवढेच आता बाकी होते.

पाहणारे पाच-सहा वर्षांतच निघाले. १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, नागपुरात मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि रॉबर्ट्सन शाळेचे काम संपले. नागपूरकर या संस्थेला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. प्रांताला इतिहासात प्रथमच पदवी देणारे वैद्यक महाविद्यालय लाभले, आणि त्याबरोबर रोग शिकवता शिकवता रोगाविषयी प्रश्न विचारण्याची मुभा असलेला अध्यापकवर्ग मिळाला. त्या वर्गातील आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलपेशींच्या गुणाविषयीचा आपला निबंध १९५८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षी ए. एस. परांडे यांच्यासह या दोघांनी ‘ब्लड’ या अमेरिकन नियतकालिकात भारतातील सिकलसेल व्याधीवर विस्तृत निबंध लिहिला. दहा-अकरा वर्षे वयाच्या कॉलेजातून, राज्यपुनर्रचनेने १९५६ साली राजधानीपण गमावून बसलेल्या शहरातून, जगातल्या दोन अग्रगण्य नियतकालिकांत एकाच वर्षी स्थान मिळवणे ही गोष्ट आजच्या मापानेही लहान नाही. तरी नागपूरच्या कोणत्या चौकाला या तिघांपैकी कोणाचे नाव दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या शोधासाठी लागणारी साधने अगदी माफक होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण संशोधन म्हणजे यंत्रांची रेलचेल असा एक समज आपल्याकडे मूळ धरून बसला आहे. बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यावा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा विरळ द्राव मिसळावा, वर पातळ काच ठेवून हवा आत जाणार नाही अशा रीतीने कडा बंद कराव्या, आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहावे. द्रावाने प्राणवायू शोषून घेतला की सदोष पेशी आपला आकार उघड करतात. डालंड आणि कॅसल यांनी १९४८ साली सुचवलेली ही युक्ती त्या काळी सर्वत्र रूढ झाली होती आणि जिल्ह्याच्या कोणत्याही दवाखान्यात ती सहज करता आली असती. वाहक आणि रोगी यांतला भेद ठरवण्यासाठी पुढे विद्युत्प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची पद्धत वापरावी लागते, तिला मात्र प्रयोगशाळा हवी. पण पहिली पायरी चढण्यास लागत होता तो केवळ संशय.

नागपूरच्या या निबंधांचे खरे महत्त्व आणखी एका बाबतीत आहे. नीलगिरीत आणि आसामात जो गुण आढळला तो आदिवासींत, म्हणजे सरकारी दप्तरात ज्यांचे सदर निराळे मांडले जाते अशा लोकांत. तेव्हा ‘निग्रोंचा रोग’ ही चिठ्ठी काढून तेथे ‘आदिवासींचा रोग’ ही चिठ्ठी डकवणे सोपे होते, आणि पुष्कळांनी पुढे ती डकवलीही. नागपूरच्या संशोधकांना मात्र तो गुण शहरात आणि शहराभोवतीच्या गावांत, महारांसारख्या गावगाड्यातील समाजांत सापडला. जे लोक एम्प्रेस मिलच्या मागावर उभे राहत होते, रेल्वेत आणि कोळशाच्या खाणींत राबत होते, ज्यांना अरण्याशी फारसे कर्तव्य नव्हते, त्यांच्याही रक्तात तो होता. पुढील पाहण्यांत कुणबी, तेली अशा शेतकरी आणि कारागीर जातींतही तो कमी-अधिक प्रमाणात आढळत गेला. जातीची भिंत जनुकाने मानलेली नाही, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे रक्त नसेल.

आणि तरीही मोजमाप झाले ते जातीच्याच सदरांत. इंग्रजी अंमलात दर दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीने माणसांना जातींच्या रकान्यांत बसवण्याचा जो शिरस्ता पाडला, आणि रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या चार खंडांत ज्याला विद्वत्तेचे अधिष्ठान दिले, तोच शिरस्ता रक्ताच्या काचांनाही लागू झाला. यात संशोधकांची काही चूक होती असे मी म्हणणार नाही. विवाह जातीतल्या जातीतच होत असताना जनुकाचा माग काढण्यास दुसरे सोयीचे सदर त्यांच्यापाशी नव्हते. पण काळाचा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि त्या लोकांनी आपले जुने जातिनाम टाकून दिले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत विलायतेत छापल्या गेलेल्या तक्त्यांत तेच लोक त्याच जुन्या नावाने उभे होते. ‘हा अमक्यांचा रोग’ या बोलण्यास तेव्हापासून जी शास्त्राची मोहर लागली ती पुसण्यासाठी विदर्भातील कार्यकर्त्यांना पुढे किती शक्ती वेचावी लागली हे त्या मुलखात हिंडलेल्यास सांगावयास नको. मुलीला सिकल आहे हे लपवून लग्न उरकावे, आणि नातवंड जन्मल्यावर सत्य बाहेर यावे, असे विदर्भात घडत आलेले आहे.

साठीच्या दशकात या शोधाला अनेक फाटे फुटले. नागपुरात केंद्र असलेल्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण संस्थेसारख्या संस्थांचे लक्ष या प्रश्नाकडे वळले, आर. एस. नेगी यांनी बस्तरमधील जमातींत सिकलपेशींचे प्रमाण मोजले. हा गुण इतका पसरला कसा याचे उत्तर अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ सालीच आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले होते, ते असे की, वाहक मनुष्यास मलेरियाच्या घातक प्रकारापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाग्रस्त मुलखात असे लोक अधिक संख्येने तग धरतात. या विचाराची पूर्वसूचना १९४९ साली थॅलसेमियाच्या संदर्भात देणारे जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून कलकत्त्यास येऊन राहिले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. सातपुड्याच्या मलेरियाने ज्या रोगाला डॉक्टरांच्या दृष्टीआड ठेवले त्याच मलेरियाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या पोसलेही होते. जनुकाचे मूळ कोठले, याविषयी मात्र विद्वानांत दीर्घकाळ मतभेद राहिला. लेमन यांनी तो भारत-अरबस्तानाकडून पूर्व आफ्रिकेत गेला असावा अशी कल्पना मांडली. १९८० नंतर जनुकांच्या परिसराचा अभ्यास झाल्यावर भारत आणि अरबस्तान येथील प्रकार आफ्रिकेतील प्रकारांहून भिन्न आणि स्वतंत्रपणे उत्पन्न झालेला आहे असे मत प्रबळ झाले. आणि २०१८ साली श्राइनर व रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचांच्या आधारे हा बदल सुमारे ७३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच घडला असा उलट निष्कर्ष काढला. या वादात पडण्याचे येथे प्रयोजन नाही.

अरबी-भारतीय प्रकाराच्या शोधातून एक दुष्परिणाम मात्र झाला, त्याची दखल घेतली पाहिजे. या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही बरेच टिकून राहते, आणि त्यामुळे पेशी वाकण्यास अटकाव होतो. सौदी अरबस्तानातील आणि ओरिसातील रुग्णांची पाहणी करणाऱ्यांना म्हणून रोग सौम्य दिसला. त्यावरून ‘भारतातील सिकल सौम्य असतो’ हे वाक्य ग्रंथांत शिरले. ज्यांचे आयुष्य विदर्भातील वॉर्डांत गेले त्यांना ते खरे वाटत नव्हते. मेडिकलच्या बालरोग विभागातून डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातील मुलांच्या आजारपणाचा जो लेखाजोखा प्रसिद्ध केला त्यात वारंवार उठणाऱ्या वेदना, जंतुसंसर्ग आणि रक्त चढवण्याची गरज इतकी स्पष्ट दिसते की, सौम्यपणाचे ते सरसकट विधान निदान नागपूरपुरते तरी मागे घ्यावे लागते. याच गटाने २०१२ साली आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवली. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात हे अमेरिकेत १९९५ साली सिद्ध झाले होते. पण तेथील रीतीप्रमाणे रक्ततपासणी करीत करीत मात्रा वाढवत नेणे हे आठवड्याच्या बाजारालाही पायी जाणाऱ्या कुटुंबास परवडणारे नव्हते. वजनाच्या दर किलोस दहा मिलिग्रॅम एवढी अल्प आणि ठरावीक मात्राही भारतीय मुलांना पुरेशी गुणकारी ठरते, हा नागपूरचा निष्कर्ष. हे संशोधन गरिबीची मर्यादा ओळखून केलेले आहे आणि म्हणूनच मला ते १९५८ च्या निबंधांचे खरे उत्तराधिकारी वाटते.

परंतु १९५८ आणि २०१२ यांच्या दरम्यान अर्धे शतक गेले, ते कसे गेले? शोध लागला तरी तो रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडला नाही. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले, तेव्हा त्यांनी आरंभीच जिल्ह्यातील सिकलचे प्रमाण शोधून काढले. आणि ते लोकांपुढे ठेवले तेव्हा लोकांनी त्यात फारसे स्वारस्य दाखवले नाही, हे डॉ. बंग यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितलेले आहे. लोकांचे बरोबर होते. ज्याच्यावर तुमच्यापाशी उपाय नाही त्याची टक्केवारी घेऊन त्यांनी करावयाचे तरी काय? पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत दीर्घकाळ तपासणीचे आणि उपचाराचे काम केले, त्याबद्दल २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नागपुरात संपत रामटेके यांनी रोगी आणि त्यांचे आईबाप यांना एकत्र करून सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. त्यांना २०१८ साली हाच किताब देण्यात आला. डॉक्टर नसलेल्या माणसांनी सचिवालयाचे उंबरे झिजवले, तेव्हा कोठे राज्य सरकारच्या आरोग्यखात्याचा सिकलसेल कार्यक्रम सुरू झाला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात या विकाराचा समावेश झाला.

१ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ केला. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करावयाचे, असा त्याचा संकल्प आहे. संकल्प स्वागतार्ह आहे. पण अभियानाचा सारा रोख आदिवासीबहुल जिल्ह्यांवर आहे, आणि येथे नागपूरच्या त्या जुन्या निबंधांची आठवण करून देणे प्राप्त आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, यवतमाळ, भंडारा या जिल्ह्यांबरोबर स्वतः नागपूर जिल्हाही सिकलच्या मोठ्या रुग्णसंख्येचा जिल्हा म्हणून गणला जातो, आणि तेथील रुग्णांत अरण्यवासी थोडे, शहरवासी पुष्कळ. रोगाला प्रथम वंशाचे नाव दिले ते चुकले, मग जमातीचे दिले तेही अपुरे ठरले, हे ज्या शहराने सर्वांआधी दाखवले त्याच शहराच्या वस्त्यांत तपासणी मागे पडावी हे योग्य नव्हे.

ज्या वाचकांचे कूळ वैनगंगेच्या, वर्धेच्या किंवा पैनगंगेच्या खोऱ्यातले आहे, मग त्यांची जात कोणतीही असो आणि ते आज पुण्यात राहत असोत वा परदेशात, त्यांनी घरात लग्न ठरण्यापूर्वी मुलाची आणि मुलीची रक्ततपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक असतो. एकच वाहक असला तर रोगी अपत्य होत नाही, दुसऱ्याच्या रक्तात थॅलसेमियासारखा दोष नाही एवढे मात्र पाहून घ्यावे. पत्रिका पाहण्यास जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात ही तपासणी होते, आणि महाराष्ट्रातील सरकारी दवाखान्यांत तिचे पैसे पडत नाहीत.